लिहिताना कोणता नियम पाळायचा अन् कोणत्या नियमाला प्रश्न विचारायचा

दोन वर्षांखाली आजीवर लेख लिहिला होता, त्यात आजी म्हणते, 'कामून रडायलास रे?' छापून आला तेव्हा तिथं होतं 'का रडतो आहेस?' घरात कुणालाच ती आजी ओळखू आली नाही. तेव्हापासून शुद्ध-अशुद्ध म्हणलं की मी आधी विचारतो, हा नियम कशासाठी आहे.

तुमचा एखादा जुना पॅराग्राफ काढा अन् जिथं जिथं तोंडात एक आलं पण भीतीनं दुसरंच लिहिलं तिथं पेन्सिलीनं खूण करा.

मग एकेक खूण बघा. तिथला नियम मोडल्यानं अर्थ बदलतो का? दिन म्हणजे दिवस अन् दीन म्हणजे गरीब, सुत म्हणजे मुलगा अन् सूत म्हणजे धागा, इथं ऱ्हस्व-दीर्घ पाळायचंच. 'आणि'तला णि दीर्घ केला तर अर्थ बिघडत नाही, पण त्यानं मिळतही काही नाही, उगं वाचणारा अडखळतो, म्हणून तोबी पाळा.

नियम कधीचा तेबी बघा. शाळेत शिकवलेलं शुद्धलेखन म्हणजे साहित्य महामंडळाचे 1962 चे 14 नियम अन् 1972 ला जोडलेले 4. त्याच्याआधी 'नांव', 'केलें' हेच शुद्ध होतं, म्हणजे आपल्या आज्या-आजोबांच्या हयातीतच शुद्ध बदललंय.

आता बोलीचं. आपल्या मराठवाड्यात तो रडायलाय, ती रडायलीय, पोरगं रडायलंय, लिंग बदललं की रूप बदलतंय, लातूर-नांदेडकडचं शाळेत न गेलेलं माणूसबी ह्यात चुकत नाही, मग ह्याला अशुद्ध कसं म्हणायचं? फक्त एक करा, एकदा 'रडायलाय' घेतलं की त्याच माणसाच्या तोंडी पुढच्या ओळीत 'रडतो आहे' नको. आजीच्या तोंडी आजीची बोली अन् निवेदन प्रमाण, असंबी छान चालतं. नोकरीच्या अर्जात मात्र सरळ प्रमाण भाषा लिहा, तिथं समोरच्याला फक्त माहिती पाहिजे असते.

शेवटी मराठवाड्याबाहेरच्या एखाद्या दोस्ताला वाचायला द्या. माझ्या पुण्याच्या मित्राला 'आजी भाकरी करायली' अर्धवट वाटलं, करायला गेली का काय असं त्यानं विचारलं. मी रूप बदललं नाही, आधी 'चुलीपुढं बसून' एवढं घातलं, अन् त्याला कळलं.