पुढच्या दोन टायरांवरचा सीझन: टीसीआर गाडी वर्षभर कशी चालवायची

२०१८ चा डब्ल्यूटीसीआर (टीसीआर गाड्यांची जागतिक मालिका) किताब गाब्रिएले तार्क्विनीने इव्हान मुलरपेक्षा फक्त ३ गुण जास्त मिळवून जिंकला. त्या वर्षी ३० शर्यती होत्या. २००९ च्या डब्ल्यूटीसीसीतही (त्याआधीची टूरिंग कारची जागतिक स्पर्धा) याच दोघांमध्ये शेवटी ४ गुणांचंच अंतर उरलं होतं. टूरिंग कारचा, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांपासून बनवलेल्या शर्यतीच्या गाड्यांचा, सीझन असा असतो. कुठल्यातरी शर्यतीत टायर संपल्यामुळे हातची गेलेली एक जागा नोव्हेंबरमध्ये हिशेबाला येते. म्हणून तयारीची सुरुवात एका फेरीच्या वेगापासून करू नका. प्रत्येक शर्यतीच्या शेवटच्या तीन फेऱ्यांत पुढचे टायर जिवंत कसे राहतील, इथून करा.

टीसीआर गाडी म्हणजे मूळ दुकानात मिळणारी चार-पाच दारांची गाडी, दोन लिटरपर्यंतचं टर्बो इंजिन, साधारण ३५० अश्वशक्ती, १८ इंची चाकं आणि सगळी ताकद पुढच्या चाकांकडे. वळायचं पुढच्याच चाकांनी, जोर लावायचा पुढच्याच चाकांनी, आणि ब्रेकिंगचा मोठा वाटाही त्यांचाच. पुढे ३८० मिमीपर्यंतची डिस्क आणि ६ पिस्टनपर्यंतचा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) चालतो, मागे फक्त २ पिस्टनचा. एवढ्यावरूनच कळतं की काम कोण करतं. मागचे टायर बरेचदा नुसते मागे फिरत असतात, आणि म्हणूनच ते थंड राहतात. सेटअपच्या (गाडीच्या जुळणीच्या) बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून निघतात.

हवेचा दाब: अंदाज नको, गणित करा

समजा, स्लिक (खाचा नसलेल्या) टायरचा गरम दाब २.०५ बार हवा आहे. (नेमका आकडा टायर पुरवणाऱ्याकडून घ्या. त्याने दिलेली किमान मर्यादा मोडू नका, साइडवॉल म्हणजे टायरची बाजू आतून तुटते.) पुढचा टायर धावताना ८५ अंशांपर्यंत तापतो, मागचा ६० पर्यंतच. गॅरेजमध्ये तापमान २० अंश असेल तर पुढचा टायर साधारण १.५० बारला भरला की गरम झाल्यावर २.०५ ला पोचतो. मागचा मात्र तेवढाच भरला तर १.८४ वरच अडकतो. त्याला तिथे पोचवायचं तर थंड असतानाच १.६८ च्या आसपास भरावा लागतो. पुढे-मागे सारखा दाब भरून ‘मागून गाडी तरंगते’ अशी तक्रार करणाऱ्यांचं बहुधा इथेच चुकलेलं असतं.

दुसरा सापळा उन्हाचा. गॅरेजमध्ये २० अंशांना १.५० भरलेला टायर ग्रिडवर (स्टार्टच्या रांगेत) उन्हात ३५ अंशांपर्यंत तापला की गेज १.६३ दाखवतं. तिथे घाबरून हवा सोडली की टायर शर्यतीत कमी दाबाने पळणार. दाब नेहमी टायरच्या तापमानासोबत लिहा, नुसता आकडा लिहू नका. आणि उन्हाच्या बाजूच्या टायरांवर पांढरं कापड टाका. काम क्षुल्लक आहे, पण डावी-उजवी बाजू सारखी राहते. भरायला कोरडा नायट्रोजन किंवा वाळवलेली हवा वापरा. ओलसर हवेत पाण्याची वाफ होऊन दाब गणितापेक्षा वर जातो आणि प्रत्येक चाकात वेगवेगळा चढतो.

टायर वाचणं

गाडी पिटमध्ये थांबल्याक्षणी टोचणीचा पायरोमीटर (तापमापक) घ्या. इन्फ्रारेड नको, तो फक्त वरची कातडी मोजतो आणि ती सरळ पिटलेनमध्येच थंड होते. सर्वांत जास्त भार घेणाऱ्या पुढच्या चाकापासून सुरुवात करा. घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त, म्हणून पुढचं डावं. बाथर्स्टसारख्या उलट्या दिशेच्या ट्रॅकवर पुढचं उजवं. टोचणी दोन-तीन मिलिमीटर आत घालून आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशी तीन ठिकाणी मोजा.

आतली कड बाहेरच्यापेक्षा आठ-दहा अंश गरम असेल तर कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर कल; उणे म्हणजे आत) बरोबर आहे. वीस अंशांचा फरक पडला तर कॅम्बर जास्त झाला: ब्रेक मारताना आणि वळणातून बाहेर जोर लावताना टायर आतल्या कडेवरच उभा राहतो आणि चाक पकड सुटून जागीच फिरतं. मध्य दोन्ही कडांपेक्षा गरम असेल तर दाब जास्त, थंड असेल तर कमी. पुढे उणे ४ ते ५ अंश कॅम्बरपासून सुरुवात करायला हरकत नाही. मागे त्याहून कमी ठेवा.

मग हात फिरवून पाहा. ग्लोव्ह काढून. रबरावर वळणाच्या आडव्या दिशेने बारीक सुरकुत्या, खवल्यांसारख्या कडा लागल्या तर ते ग्रेनिंग. थंड टायर ओढला गेला की वरचा थर फाटून गुंडाळतो. दोन-तीन फेऱ्या हळू चालवून ते पुसलं जातं. छोटे गोल खड्डे, बुडबुडा फुटल्यासारखे, म्हणजे ब्लिस्टरिंग: टायर आतून उकळला आहे. तो पुन्हा बरा होत नाही. ग्रेनिंग पाहून सेटअप मऊ करायचा आणि ब्लिस्टर पाहून तोच उपाय करायचा, ही चूक फार महाग पडते. पहिल्यात ड्रायव्हरने सुरुवातीच्या फेऱ्या सांभाळायच्या असतात, दुसऱ्यात दाब आणि कॅम्बर तपासायचे असतात.

पुढे घसरण म्हणजे अंडरस्टीअर वाढला की सगळे पुढचं काहीतरी बदलायला धावतात. या गाडीत आधी मागे हात घाला. मागचा अँटीरोल बार (वळणात गाडी कलणं रोखणारा दांडा) एक पायरी कडक करा किंवा मागचा टो (वरून पाहता चाकांच्या पुढच्या कडांची आत-बाहेर दिशा) थोडा बाहेर काढा. मागचा भाग वळायला लागला की पुढच्या टायरचं काम कमी होतं. त्याची किंमत म्हणजे पहिल्या दोन फेऱ्या. मागचे टायर थंड, मागचा भाग सैल, आणि लांब वेगवान वळणात ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर सोडला की गाडी फिरते. म्हणून फॉर्मेशन लॅपमध्ये (स्टार्टआधीच्या संथ फेरीत) ब्रेक बायस, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकमधली वाटणी, मागे सरकवून डाव्या पायाने ब्रेक दाबत दाबत मागचे टायर तापवावे लागतात. आणि ग्रिडवर उभं राहण्याआधी बायस पुन्हा पुढे आणावा लागतो. हे विसरलेला ड्रायव्हर पहिल्याच वळणाला मागची चाकं लॉक करून भिंतीत जातो. रेडिओवर इंजिनिअरने ‘बायस पुढे’ म्हणायचं आणि ड्रायव्हरने उलट उत्तर द्यायचं, हा नियमच करून टाका.

स्टार्ट

उभ्या स्टार्टला वजन मागे जातं आणि जोर लावणारी चाकं नेमकी हलकी होतात. २००५ नंतरची काही वर्षं डब्ल्यूटीसीसीत पहिली शर्यत चालत्या स्टार्टची आणि दुसरी उभ्या स्टार्टची असे. तेव्हा मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या बीएमडब्ल्यू दुसऱ्या शर्यतीत पहिल्या वळणापर्यंत कितीतरी जागा पुढे येत. आज ग्रिडवर सगळे पुढच्या चाकांचे आहेत, त्यामुळे फरक ड्रायव्हरच्या पायात आहे. इंजिनचे आरपीएम ठरवून ठेवा, क्लच पकडीच्या बिंदूपर्यंत झटकन आणि तिथून पुढे हळू सोडा, चाक थोडंसं फिरू द्या पण धूर येऊ देऊ नका. स्टीअरिंग सरळ हवं. वळवलेल्या चाकाने सुटलं की ड्राइव्हशाफ्टचा बाहेरचा सांधा वाकड्या कोनात पूर्ण टॉर्क घेतो आणि तिथेच तुटतो. सराव-स्टार्ट दिवसाला दोन-तीनच करा, क्लच जळतो. सराव झाल्यावर सांध्यांचे रबरी बूट टॉर्च लावून पाहा. ग्रीसचा एक थेंब बाहेर दिसला तरी शाफ्ट बदला.

वजनाचा खेळ

टीसीआरमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या बरोबरीत आणायला तीन गोष्टी हलवल्या जातात: किमान वजन, जमिनीपासूनची उंची आणि इंजिनची ताकद. त्यावर वेगवान ठरणाऱ्या गाडीला भरपाईचं वजन. २०१८ च्या डब्ल्यूटीसीआरमध्ये ते ६० किलोपर्यंत जाई. हे वजन येणार हे धरूनच सीझनची आखणी करा. टेस्टिंगमध्ये एक दिवस मुद्दाम रिकाम्या गाडीने आणि एक दिवस पूर्ण बॅलास्ट (हे जादा वजन) टाकून चालवा. दोन्हींच्या स्प्रिंग, दाब, ब्रेकचं तापमान आणि टायरची झीज वेगळ्या पानावर लिहा. शुक्रवारी सकाळी ६० किलोचा कागद हातात पडल्यावर हे शिकायला वेळ नसतो. ६० किलोने फेरीची वेळ वाढते ती वाढतेच, पण खरा मार ब्रेकला बसतो. पॅड आधी संपतात, फ्लुइड उकळतं आणि पेडल स्पंजासारखं होतं. त्यामुळे वजन चढलं की ब्रेकच्या हवेच्या नळ्यांवरची टेप काढा आणि प्रत्येक सेशननंतर फ्लुइड ब्लीड करा, म्हणजे त्यातली हवा काढा.

बॅलास्ट बसवल्यावर चारही चाकांवर गाडी पुन्हा तोला, ड्रायव्हर आत बसवून. कर्णरेषेतलं वजन (पुढचं एका बाजूचं आणि मागचं विरुद्ध बाजूचं चाक मिळून) एकूण वजनाच्या ५० टक्क्यांवर आणा. नाहीतर गाडी एका बाजूला वळते आणि दुसऱ्या बाजूला वळत नाही.

शर्यतीनंतरच्या वजनकाट्यासाठी तीन ते पाच किलो जास्तीचं ठेवा. झिजलेलं रबर, पॅड, संपलेलं पेट्रोल यांचा हिशेब सोपा असतो. धडकेत तुटून पडलेल्या बंपरचा नसतो, आणि टूरिंग कारमध्ये बंपर पडतातच. उंचीसाठीही दोन मिलिमीटर राखून ठेवा. कर्बवर आपटून वाकलेला एक आर्म गाडी बेकायदा करायला पुरतो. आणि स्वतःच्या काट्यावर विसंबू नका. शुक्रवारी ट्रॅकच्या अधिकृत काट्यावर गाडी नेऊन दोन्हींतला फरक लिहून घ्या.

पात्रता फेरी आणि उलटं ग्रिड

एका शर्यतीत पहिल्या दहा जणांचा क्रम उलटा लावला जात असेल तर पात्रतेत दहावा म्हणजे त्या शर्यतीचा पोल, म्हणजे सर्वांत पुढची जागा. मोह मोठा आहे. पण दहावं येण्यासाठी मुद्दाम हळू चालवणं सहसा फसतं, कारण शेवटच्या मिनिटाला कोण सुधारेल हे माहीत नसतं आणि अकरावं आलं की दोन्ही शर्यती गेल्या. शिवाय पात्रतेलाही गुण असतील तर तेही जातात. दहाव्याचा विचार एकाच परिस्थितीत करा: पूर्ण बॅलास्टवर आहात आणि पहिले चार येणं शक्यच नाही. तेव्हा दुसरा नवा टायर-संच न वापरता शर्यतीसाठी वाचवा. खरा फायदा त्या वाचलेल्या टायरांचा असतो. नव्या संचाची सर्वोत्तम फेरी लवकर येते आणि पहिली चुकली तर दुसरी तितकी चांगली मिळत नाही. म्हणून पिटमधून निघायची वेळ ड्रायव्हरला समोर मोकळा रस्ता मिळेल अशी निवडा, घाईने नको.

ट्रॅक बदलला की काय बदलायचं

मकाऊला मेल्को हेअरपिन (जवळजवळ मागे फिरवणारं वळण) आहे. ६ किलोमीटरहून थोडा लांब असलेल्या या ट्रॅकचा तो सर्वांत अरुंद भाग, जेमतेम ७ मीटरचा. एरवी पुरणारं स्टीअरिंग तिथे पुरत नाही. स्टीअरिंग रॅकचे स्टॉपर बदलून जास्त वळण मिळवा, आणि पूर्ण वळवलेल्या स्थितीत टायर फेंडरला आणि ब्रेकच्या पाइपला घासत नाही ना, हे गाडी जॅकवर नव्हे तर जमिनीवर उभी करून बघा. मकाऊच्या गोदामात एक बाजूचा संपूर्ण सस्पेन्शन संच तयार जोडून ठेवा: अपराइट (हब धरणारा भाग), खालचा आर्म, टाय रॉड, ड्राइव्हशाफ्ट, हब. भिंतीला चाक लागल्यावर सुटे भाग जोडत बसायला वेळ मिळत नाही.

जर्मनीतल्या नॉर्डश्लाइफची फेरी ग्राँप्री ट्रॅकचा भाग धरून २५ किलोमीटरची, जवळपास नऊ मिनिटांची. डब्ल्यूटीसीसी तिथे तीन फेऱ्यांची शर्यत घेई. सराव सेशनमध्ये फेऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच मिळतात, तेव्हा सेटअप घरूनच ठरवून न्या. गाडी थोडी उंच आणि मऊ ठेवा, उड्या आहेत. आणि एका फेरीत एकच बदल करा.

उंचावर हवा विरळ होते. दर हजार मीटरला टर्बो नसलेलं इंजिन साधारण दहावा हिस्सा ताकद गमावतं. मेक्सिकोतलं पुएब्ला दोन हजार मीटरच्या वर आहे, त्यामुळे २००८ च्या सुमारास तिथे सीट (SEAT) या स्पॅनिश कंपनीच्या टर्बो डिझेल गाड्यांना मोठा आधार होता. आज सगळेच टर्बो असले तरी टर्बाइनला जास्त वेगाने फिरावं लागतं आणि इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारी जाळी) तापतो. इंटरकूलरच्या जाळीतलं रबर आणि माती प्रत्येक सेशननंतर उलट्या बाजूने हवा मारून काढा.

कंटेनर

समुद्रमार्गे जाणाऱ्या शर्यतींसाठी एटीए कार्नेटची (सामान तात्पुरतं परदेशी नेण्याच्या कस्टम कागदाची) यादी करा. तिच्यात प्रत्येक वस्तू, तिचा नंबर, वजन आणि किंमत लागते. कार्नेट जास्तीत जास्त एक वर्ष चालतं, त्यामुळे सीझनच्या मध्ये संपणारं घेऊ नका. यादीत नसलेला एक गिअरबॉक्ससुद्धा सगळा कंटेनर कस्टममध्ये अडवू शकतो, आणि जो गेला तो परतही यायला हवा: मोडलेला गिअरबॉक्स तिथे भंगारात टाकून आलात तर प्रश्न विचारले जातात. पेट्रोल पूर्ण काढा. लिथियम बॅटरी आणि आग विझवायचे सिलिंडर धोकादायक माल म्हणून वेगळे जाहीर करा. गाडीवर जुने वाहतुकीचे टायर लावा आणि पट्टे बॉडीला नव्हे तर चाकांना बांधा. बॉडीला बांधलेली गाडी महिनाभर डॅम्परवर (शॉक ॲब्सॉर्बरवर) हिंदकळत राहते आणि उतरल्यावर सील गळतात. बंदरातून गाडी हातात आली की पहिलं काम इंजिन सुरू करणं नव्हे. ब्रेकचं जुनं फ्लुइड काढून नवं भरा, कारण दमट प्रवासात त्याने पाणी ओढलेलं असतं. गिअरबॉक्सचा चुंबकी बोल्ट उघडून पाहा: राखाडी लेप म्हणजे नेहमीची झीज, नखाने उचलता येईल असा कण म्हणजे बॉक्स उघडायचा.