जुनं रेल्वे स्टेशन घर म्हणून घेताय? या चुका टाळा

ब्रिटनच्या खेड्यांत बंद पडलेल्या स्टेशनांची घरं झालेली दिसतात. त्यातली बरीचशी ब्रिटिश रेल्वेवरच्या १९६३च्या बीचिंग अहवालाची देणगी. तोट्यातले मार्ग छाटताना त्यात २,३६३ स्टेशनं आणि थांबे बंद करायची शिफारस होती. तिकीटघरात स्वयंपाकघर आणि फलाटावर सकाळचा चहा, या कल्पनेला कोणीही भुलेल. पण लोक इमारत बघतात आणि भोवतालचं बघायला विसरतात.

पहिली चूक कागदपत्रांत होते. इमारत, फलाट, रुळांची पट्टी आणि मालधक्का वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या लोकांना विकलेले असू शकतात. खिडकीसमोरचा फलाट शेजारच्या शेतकऱ्याचा निघाला की मग बसा वकिलाकडे फेऱ्या मारत. रूळ उखडले म्हणजे गाडी कायमची गेली असंही धरू नका. एडिंबराहून दक्षिणेला जाणारा मार्ग १९६९ साली बंद पडला होता, त्यातला ट्वीडबँकपर्यंतचा भाग २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला.

इमारत ‘लिस्टेड’, म्हणजे वारसा म्हणून सरकारी यादीत नोंदलेली, असेल तर खिडकी बदलायच्या आधीही परवानगी लागू शकते. विनापरवाना बदल हा तिथे गुन्हा आहे. आधीच्या मालकाने केलेले उद्योग निस्तरायची वेळही तुमच्यावर येऊ शकते, म्हणून जुन्या परवानग्या मागून घ्या. छपरात वटवाघळं असतील तर त्यांनाही कायद्याचं संरक्षण आहे.

आता पाणी. माझ्या मते सगळ्यात महागडी चूक इथेच होते. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने फलाटावरच्या छपरीचे बिडाचे खांब घासून, रंगवून अगदी देखणे केले. जानेवारीत एका खांबाला पायथ्याशी वीतभर चीर गेली आणि तिच्यातून तांबूस गंजपाणी झिरपायला लागलं. तो खांब आतून पोकळ, म्हणजे खांब कसला, छपराच्या पन्हळीचा पाइपच! खाली पानं अडकली, पाणी तुंबलं, गोठलं आणि बीड फुटलं. अशी छपरी असेल तर घर घेण्याआधीच पन्हळीत बादलीभर पाणी ओता आणि ते खाली कुठून बाहेर पडतं ते बघा. बाहेर आलंच नाही, तर आधी खांब मोकळे करा. रंग नंतर.

दुसरी पाण्याचीच गोष्ट. फलाटावर नव्या फरशा घालताना पातळी चढते आणि भिंतीच्या तळाशी असलेल्या जाळीच्या विटा बुजतात. लाकडी जमिनीखाली हवा खेळावी म्हणून त्या ठेवलेल्या असतात. त्या बुजल्या की वर्षा-दोन वर्षांत खोलीत कुबट वास येतो, मग पाय ठेवला की फळी दबते. तेव्हा लोक भिंतीवर ओल रोखणारा रंग फासतात, सिमेंटने सांधे भरतात. दोन्ही उलटंच पडतं, कारण चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीतली ओल सांध्यांतूनच बाहेर पडते. फरशा उचला, विटा मोकळ्या करा, सांधे पुन्हा चुन्याने भरा.

सांडपाणीही विचारून घ्या. इंग्लंडमध्ये सेप्टिक टँकचं पाणी थेट ओढ्यात सोडायला मनाई आहे.

रुळांच्या जागी भाजी लावायचा मोहही आवरा. खडीखाली कोळशाची राख, तेल, जुनी तणनाशकं मुरलेली असू शकतात. आधी माती तपासून घ्या, तोवर बाहेरची माती आणून उंच वाफ्यांत मेथी-कोथिंबीर लावा. आणि त्या वाफ्यांना रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरांची चौकट करू नका. लाकूड टिकावं म्हणून त्यात क्रिओसोट हे डांबरासारखं तेल मुरवलेलं असतं. उन्हात काळं, चिकट होऊन ते वर येतं आणि मुलांच्या हातांना लागतं.

आणि शेजारून गाड्या अजून धावत असतील, तर घर फक्त रविवारी दुपारी बघून ठरवू नका. एक रात्र गावातच मुक्काम करा आणि मालगाडी जाताना कपाटातली भांडी किती वाजतात ते विकणाऱ्यालाच विचारा.