काचेच्या भट्टीसमोर दोघांनी काम कसे करावे

फुंकलेल्या काचेचे मोठे शिल्प एकट्याच्या हाताने क्वचितच होते. जिच्या टोकाला तापलेली काच असते ती फुंकनळी सतत फिरती ठेवावी लागते आणि फुंकर घालायला किंवा भट्टीचे दार उघडायला दुसरे माणूस लागते. जोडीने काम करू इच्छिणाऱ्यांनी फिलिप बाल्डविन आणि मोनिका गुग्गिसबर्ग यांची पद्धत अवश्य अभ्यासावी. अमेरिकेचे बाल्डविन आणि स्वित्झर्लंडच्या गुग्गिसबर्ग यांनी स्वीडनमधील ओरेफोर्स येथे शिक्षण घेतले, १९८२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्वतःची कार्यशाळा उभारली आणि स्वीडनचे रंगथर व व्हेनिसची कोरणी एकाच वस्तूवर आणली.

सुरुवात कागदावर करावी. वस्तूचे चित्र प्रत्यक्ष मापात काढून रंगांचा क्रम आणि प्रत्येक थराची जाडी दोघांनी आधीच ठरवावी. सुमारे ११०० अंश सेल्सिअसच्या भट्टीतून बाहेर आलेली काच काही क्षणांतच घट्ट होऊ लागते, त्यामुळे तिथे मतभेद मिटवायला वेळ नसतो. बाकावर बसून काच घडवणाऱ्याचाच शब्द त्या वेळी अंतिम मानावा. दुसऱ्या वस्तूच्या वेळी जागा बदलता येतात.

रंगथर चढवताना जोडीची खरी परीक्षा होते. एकाने रंगीत काचेचा पातळ फुगा फुंकून, त्याचे तोंड उघडून वाटी तयार ठेवावी. दुसऱ्याने पारदर्शक काचेचा तापलेला गोळा वरून सरळ तिच्यात उतरवावा. गोळ्याचे टोक आधी तळाला टेकले पाहिजे, म्हणजे आतली हवा कडेने वर निघून जाते. गोळा तिरका उतरला तर थरांमध्ये बुडबुडा अडकतो आणि तो पुढे कशानेही जात नाही. दोन्ही काचांचे प्रसरण जुळणारे असावे, अन्यथा वस्तू थंड होताना तडकते.

तयार वस्तू सुमारे ५०० अंशांना तापवलेल्या पेटीत ठेवून सावकाश निववावी. जाड वस्तूला एक रात्र पुरत नाही, आणि इथे घाई केल्यास सगळे श्रम वाया जातात.

त्यानंतरची कोरणी थंड काचेवर, फिरत्या चाकावर आणि पाण्याच्या धारेखाली होते. इटालियन भाषेत तिला ‘बात्तुतो’, म्हणजे ठोकलेले, असे म्हणतात. मठारलेल्या तांब्याच्या भांड्यावर असतात तशा लहान खुणा शेजारी-शेजारी उमटवत जावे. जिथे चाक खोल जाते तिथे वरचा रंग निघून खालचा दिसू लागतो, म्हणूनच थरांची जाडी आधी ठरवण्याचा आग्रह धरावा. हे काम शांतपणे, आळीपाळीने करता येते, आणि मला वाटते, दोघांची नजर एकमेकांत सर्वाधिक मिसळते ती इथेच.

अनेक वस्तूंची मिळून एक रचना करायची असेल, तर पहिल्या महायुद्धाच्या शस्त्रसंधीच्या शताब्दीनिमित्त २०१८ मध्ये बाल्डविन-गुग्गिसबर्ग जोडीने इंग्लंडमधील कँटरबरी कॅथेड्रलमध्ये मांडलेली नौका अभ्यासावी. तिच्यात काचेचे १०० पारदर्शक कुंभ मांडले होते. अशी मांडणी करताना वस्तू प्रथम न बांधता नुसत्या ठेवून पाहाव्यात. एकाने त्या हलवाव्यात, दुसऱ्याने दूर उभे राहून त्यांतून येणारा प्रकाश पाहावा, आणि दोघांचे एकमत झाल्यावरच त्या कायमच्या बसवाव्यात.