मिलीबगआधी मुंगी बघा : द्राक्षबागेत या चुका टाळा

घडात मणी भरायला लागले की तासगाव-पलूस पट्ट्यात एकच प्रश्न कानावर येतो, "मिलीबग दिसतोय, काय मारू?" मिलीबग म्हणजे वेलीचा रस शोषणारा पांढरा पिठ्या ढेकूण. माझं उत्तर बऱ्याच जणांना पटत नाही. मी म्हणतो, आधी अर्धा तास वेलीखाली बस आणि कोण कुणाला खातंय, कोण कुणाला सांभाळतंय ते बघ.

हे शहाणपण मला फटका खाऊनच आलं. एका वर्षी खोडावर कापसाचे झुबके लागल्यासारख्या पांढऱ्या अळ्या दिसल्या. मिलीबगपेक्षा चांगल्या मोठ्या. जुनाट मिलीबग समजून ब्रशनं खरवडून रॉकेलच्या डब्यात टाकत सुटलो. दोन ओळी झाल्यावर कामाला आलेली मावशी म्हणाली, "दादा, हे तर त्यालाच खातंय की!" ती क्रिप्टोलिमस या ढालकिड्याची (लेडीबर्ड भुंग्याची) अळी होती, मिलीबग खाणारी. मिलीबगसारखंच मेण अंगावर वाढवते, त्यामुळं मुंग्यांपासूनही बऱ्यापैकी वाचते आणि आपलीही फसगत होते. ओळखायची खूण सोपी आहे. मिलीबगची मादी ३ मिलिमीटरच्या आसपास असते आणि जागची फारशी हलत नाही. ही अळी १३ मिलिमीटरपर्यंत वाढते, मेणाचे धागे लांब असतात आणि काडीनं डिवचली की पळते. मोठा झालेला ढालकिडा काळपट, डोक्याकडं नारिंगी. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८९८ साली कॉफीवरच्या किडीसाठी भारतात आणला गेला.

दुसरी चूक मुंग्यांकडं काणाडोळा करण्याची. मिलीबग रस शोषतो आणि गोड चिकटा बाहेर टाकतो. त्या चिकट्यावर मुंग्या जगतात, आणि बदल्यात त्याची राखण करतात. ढालकिडा जवळ आला की हुसकावतात, पिल्लं एका फांदीवरून दुसरीकडं नेतात. गवळ्यानं म्हशी राखाव्यात तसाच प्रकार. त्यामुळं मुंग्यांची रांग चालू असताना महागाचे मित्रकीटक सोडणं म्हणजे पैसे पाण्यात. खोडाला आधी प्लास्टिकची पट्टी गुंडाळा आणि तिच्यावर चिकट पदार्थ लावा. थेट सालीवर ग्रीस फासू नका. आणि एवढं करून मांडवाच्या तारेला टेकलेलं गवत किंवा बांबू तसाच ठेवलात, तर मुंग्या त्या पुलावरून आरामात वर जातात. हे मी तीनदा बघितलंय.

पानांवर, मण्यांवर काळी कोळशी दिसली की काहीजण लगेच बुरशीनाशक काढतात. ती बुरशी पानात शिरत नाही, चिकट्यावर वाढते. चिकटा थांबला की तीही थांबते.

बुरशीनाशकावरून आणखी एक. व्हर्टिसिलियम ही मिलीबगला रोग लावणारी बुरशी आपण विकत आणतो आणि त्याच टाकीत डाऊनीचं (केवडा या बुरशी रोगाचं) औषध मिसळतो. म्हणजे आणलेली बुरशी टाकीतच मारतो, मग दुकानदाराला शिव्या देतो. दोन्हींत काही दिवसांचं अंतर ठेवा आणि जैविक फवारणी संध्याकाळी, हवेत ओलावा असताना घ्या.

घाईनं पायरेथ्रॉइडचा (कडक रासायनिक कीटकनाशकाचा) फवारा मारणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. सालीखाली दडलेला मिलीबग बराचसा वाचतो. उघड्यावर फिरणारे ढालकिडे आणि शिकारी कोळी मात्र मरतात. मग महिन्याभरात पानं तांबूस पडतात, लाल कोळी आलेला असतो. त्याला खाणाराच उरलेला नसतो ना! छाटणीनंतर सुटी साल काढून जाळून टाका, खोड आणि ओलांडे (तारेवर पसरलेल्या जाड फांद्या) धुवून घ्या, आणि फवारायचंच तर खोडापुरतं. क्रिप्टोलिमस सोडायचा असेल तर आधीच्या कडक फवाऱ्याचा असर ओसरू द्या. बागेत मिलीबग नसतानाही सोडू नका, उपाशी किडा शेजाऱ्याकडं जातो.

ऊसवाल्यांना यातलं नवं काही वाटणार नाही. २००२ साली लोकरी माव्यानं आपल्या भागातला ऊस पांढरा केला, तेव्हा डिफा नावाच्या पतंगाच्या अळीनं तो खाऊन आवरायला मदत केली. ज्यांनी विषाच्या फवाऱ्यांवर फवारे मारले, त्यांच्या फडात डिफा टिकायला जागाच राहिली नाही.

आता बांध. फेब्रुवारी-मार्चमध्ये बांध पेटवायची सवय सोडा. मिलीबगच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्यांना स्वतःसाठी फुलातला मध लागतो. यंदा मी बांधाला चवळीची ओळ लावलीय. तिच्यावर मावा आलाय आणि बायको रोज विचारते, "यावर काही मारायचं नाही का?" त्या माव्यावर परवा सात ढालकिडे मोजले.