उबुंटू अपग्रेडनंतर लॅपटॉप हँग होतोय? हात लावायच्या आधी एवढी तयारी करा, आणि एक गाणं लावून ठेवा

उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर गेलात, अपग्रेड सुरळीत झालं, नवा वॉलपेपर आला, दोन दिवस खुशीत गेले आणि तिसऱ्या दिवसापासून लॅपटॉप मधेच थिजायला लागला, माऊस हलत नाही, कीबोर्ड ऐकत नाही, मग पॉवरचं बटण दाबून धरायचं आणि देवाचं नाव घेऊन परत चालू करायचं. हे ज्यांच्याकडे चाललंय त्यांच्यासाठी लिहितोय. माझ्याकडे हेच झालं आणि मी पहिले आठ दिवस फुकट घालवले, कारण जो उपाय दिसला तो मारला टर्मिनलमध्ये, एका रात्रीत चार, मग बरं वाटलं तर कशाने ते कळेना आणि नाही वाटलं तर त्या चारातलं काय परत काढायचं ते आठवेना. मधे एका दुरुस्तीच्या दुकानात नेला तर त्याने झाकण न उघडताच मदरबोर्ड गेलाय म्हणून सांगितलं. शेवटी निघालं काय तर लॅपटॉपला आजार दोन होते आणि मी एकच समजून औषध देत होतो. म्हणून ही यादी दुरुस्तीची नाही, दुरुस्तीला बसायच्या आधीची आहे. कमांड मी फोनवर सांगतो तशा लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा, डॅश म्हणजे - आणि बरोबर म्हणजे = चिन्ह.

आधी बॅकअप, आणि तो आज, लॅपटॉप शहाण्यासारखा वागतोय तोवर. बाहेरची हार्डडिस्क लावा आणि अख्खं होम फोल्डर उचला, नुसतं डॉक्युमेंट्स आणि फोटो नको. फाईल मॅनेजरमध्ये कंट्रोल एच दाबलं की लपलेली फोल्डर दिसतात, त्यातलं डॉट एसएसएच, म्हणजे दुसऱ्या मशीनमध्ये शिरायच्या किल्ल्यांचं फोल्डर, बरेच जण विसरतात, आणि फायरफॉक्स २२.०४ पासून स्नॅप म्हणून, म्हणजे वेगळ्या बंद डब्यातलं पॅकेज म्हणून, येतो त्यामुळे त्याचे बुकमार्क आणि पासवर्ड होममधल्या स्नॅप नावाच्या फोल्डरमध्ये असतात, जुन्या सवयीने डॉट मोझिला शोधत बसाल. पॉवर बटण दाबून बंद केलं की फाईलसिस्टीम बहुतेक वेळा सावरते, पण अर्धवट लिहिली जात असलेली फाईल गेली ती गेली.

मग एक वही. खरीच कागदाची वही, कारण ज्या मशीनवर नोंद ठेवायची तेच मशीन अडकतंय. प्रत्येक वेळी अडकला की घड्याळातली वेळ मिनिटासकट लिहा, चार्जर लावलेला होता का बॅटरीवर होता, काय उघडं होतं, झाकण मिटून उघडल्यावर झालं का, पंखा जोरात होता का, कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागतो का. दिवा लागत असेल तर कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, बहुतेक जिवंत आहे, नसेल लागत तर प्रकरण खोल असू शकतं. पाच-सहा नोंदी झाल्या की कधीकधी वहीच उत्तर देते.

आता गाण्याचं. चेष्टा नाही, माझं निदान गाण्यानेच झालं. लॅपटॉपवर सेव्ह केलेलं एखादं लांब गाणं किंवा कीर्तन काहीही बारीक आवाजात चालू ठेवा, यूट्यूबवर नको, फाईल हवी. अडकल्यावर तीन गोष्टी होऊ शकतात. स्क्रीन थिजली पण गाणं मजेत पुढे चालू आहे, म्हणजे मशीन चालतंय, फक्त चित्र अडकलंय, ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा डेस्कटॉपकडे बघा. गाणं तुटत तुटत, अडखळत चाललंय आणि डिस्कचा दिवा सतत लुकलुकतोय, म्हणजे बहुधा रॅम भरली आणि मशीन स्वॅपमध्ये, म्हणजे रॅम पुरेना की डिस्कची जी जागा वापरतात त्यात, गटांगळ्या खातंय. गाण्याचा एकच तुकडा टर्रर्र करून अडकला किंवा आवाज एकदम गप्प, म्हणजे कर्नलच आडवा झाला, तिथे ड्रायव्हर, गरम होणं, खराब रॅम, काहीही असू शकतं. माझ्याकडे दुपारी ऑफिसचं काम करताना गाणं अडखळायचं आणि रात्री काही वाचत बसलो की गाणं चालू राहून स्क्रीन थिजायची, आणि मी आठ दिवस ह्या दोन्हीला लॅपटॉप हँग झाला एवढंच म्हणत होतो!

त्यानंतर फोन तयार ठेवा, म्हणजे स्क्रीन अडकली तरी फोनवरून लॅपटॉपमध्ये शिरता येईल. लॅपटॉपवर सुडो ॲप्ट इन्स्टॉल ओपनएसएसएच डॅश सर्व्हर करून घ्या, होस्टनेम स्पेस डॅश मोठा आय मारून आयपी पत्ता वहीत लिहा, फोनवर टर्मक्स हे टर्मिनलचं ॲप टाकून त्यातही ओपनएसएसएच घ्या आणि दोन्ही एकाच वायफायवर असताना एकदा सगळं ठीक असतानाच आत शिरून बघा. अडकल्यावर पहिल्यांदा प्रयत्न केलात तर पासवर्ड चुकतोय का लॅपटॉप मेलाय हे कळणार नाही, अनुभव आहे. आत शिरता आलं की टॉप मारून कोण किती रॅम आणि प्रोसेसर खातंय ते दिसतं, आणि सुडो रीबूट करून सभ्यपणे बंद-चालूही करता येतं, पॉवर बटण दाबायची वेळच येत नाही. फोन नसेल हाताशी तर निदान कंट्रोल ऑल्ट एफ३ दाबून काळा टर्मिनल येतो का ते बघा, आला तर तिथूनही हेच सगळं करता येतं.

आणि काहीच ऐकत नसेल तेव्हासाठी एक जुनी किल्ली आहे, ती आधीच उघडून ठेवावी लागते. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीनचं बटण धरून, काही लॅपटॉपवर सोबत एफएन पण, एकेक अक्षर सावकाश दाबायचं, आर ई आय एस यू बी. ह्यातलं एस म्हणजे डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून टाक, यू म्हणजे डिस्क फक्त वाचण्यापुरती कर, बी म्हणजे रीबूट. उबुंटूमध्ये ही सेटिंग मुळात १७६ वर असते, १६ अधिक ३२ अधिक १२८, म्हणजे फक्त हे शेवटचे तीनच चालतात. तपासापुरतं सुडो सिसकंट्रोल कर्नल डॉट सिसआरक्यू बरोबर १ करून घ्या, मग एफ पण चालतं आणि एफ म्हणजे सगळ्यात जास्त रॅम खाणाऱ्याला मार. रॅमवाल्या हँगमध्ये हे बटण म्हणजे जादू आहे, दोन सेकंदात ब्राउझर उडतो आणि मशीन श्वास घेतं. ही सेटिंग रीबूटनंतर आपोआप जुनी होते म्हणून प्रत्येक वेळी करावी लागते, आणि ते बरंच आहे, कायम उघडी ठेवू नका.

एस दाबायचं महत्त्व मला उशिरा कळलं. सिस्टीमचं जर्नल, म्हणजे तिची नोंदवही किंवा लॉग, साध्या नोंदी दर सेकंदाला डिस्कवर पक्क्या करत नाही, मूळ सेटिंगमध्ये त्याला पाच मिनिटांपर्यंतची मुभा असते, फक्त फार गंभीर नोंद आली तर लगेच. म्हणजे बटण दाबून मारलं की नेमकी शेवटची, कामाची मिनिटं हवेत विरली असं होऊ शकतं. मी आठ दिवस लॉगमध्ये काहीच नाही म्हणून डोकं धरून बसलो होतो त्यातलं अर्धं माझ्याच बोटाने पुसलेलं असणार. तर रीबूटनंतर जर्नलसीटीएल, स्पेस, डॅश बी, स्पेस, डॅश १, स्पेस, डॅश ई. डॅश बी डॅश १ म्हणजे मागच्या वेळचं बूट आणि डॅश ई म्हणजे थेट शेवटच्या पानावर ने. वहीतली वेळ आणि लॉगची शेवटची वेळ जुळते का बघा. जीपीयू हँग, सॉफ्ट लॉकअप, आउट ऑफ मेमरी, एनव्हीएमई म्हणजे एसएसडी डिस्कच्या नावाने कंट्रोलर डाउन, असं काही दिसतंय का तेवढं शोधा, बाकी लाल ओळी दिसल्या की घाबरू नका, चांगल्या चालणाऱ्या मशीनवरही लाल ओळी ढिगाने असतात. (मी एका ब्लूटूथच्या लाल ओळीमागे एक अख्खा रविवार घालवलाय.)

जुना कर्नल सांभाळून ठेवा हे तर फार आधी सांगायला हवं होतं. अपग्रेडच्या शेवटी नको असलेली पॅकेजेस काढू का असं विचारतो तिथे घाईघाईने हो म्हणू नका, त्यात जुना कर्नलही जाऊ शकतो. माझ्याकडे २२.०४ चा ५.१५ राहिलेला होता आणि २४.०४ चा ६.८ आलेला, त्यामुळे जुन्यावर बूट करून दोन दिवस वापरता आलं, आणि रात्रीचं थिजणं बंद, दुपारचं अडखळणं तसंच. तिथेच खरं तर कोडं सुटलं, रात्रीचा आजार नव्या कर्नलचा आणि दुपारचा त्याच्याशी संबंध नसलेला. हे करायला ग्रबचा, म्हणजे चालू होताना कुठला कर्नल घ्यायचा ते विचारणारा, मेनू दिसला पाहिजे, तो एरवी लपलेला असतो, चालू होताना एस्केप दाबायचं म्हणतात पण नेमकी वेळ साधत नाही आणि जास्त दाबलं तर नुसतं ग्रब लिहिलेली काळी स्क्रीन येते. त्यापेक्षा ईटीसी डिफॉल्टमधल्या ग्रब फाईलमध्ये टाइमआउट स्टाईल मेनू करा, टाइमआउट १० करा आणि सुडो अपडेट डॅश ग्रब मारा. मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये सगळे कर्नल रांगेत दिसतात. कुठल्या कर्नलवर आहात ते यूनेम डॅश आर ने बघून वहीत.

त्याच मेनूत ई दाबलं की त्या एका वेळेपुरती ओळ बदलता येते, लिनक्स शब्दाने सुरू होणारी ओळ, तिच्या शेवटी क्वाएट स्प्लॅशच्या पुढे जे घालायचं ते घालून एफ१० दाबायचं. प्रयोग असेच करा, फाईलमध्ये कायमचं काही लिहू नका, म्हणजे बिघडलं तर परत बंद-चालू केलं की मूळपदावर. आणि एका वेळी एकच प्रयोग, निदान दोन दिवस, वहीत तारीख टाकून. इंटेलचं ग्राफिक्स असेल आणि गाणं चालू राहून स्क्रीन थिजत असेल तर पहिला प्रयोग आय९१५ डॉट इनेबल अंडरस्कोर पीएसआर बरोबर ०. पीएसआर ही बॅटरी वाचवायची युक्ती आहे, स्क्रीनवर काही हलत नसेल तर पॅनेल स्वतःच्या मेमरीतलंच चित्र दाखवत राहतं आणि ग्राफिक्सला आराम मिळतो, काही पॅनेलवर मात्र त्या डुलकीतून बाहेर येताना गडबड होते. वाचत बसलो की थिजायचा ते ह्यामुळे, वाचताना स्क्रीनवर हलतं काय! एनव्हीडियावाल्यांनी आधी एनव्हीडिया डॅश एसएमआय मारून ड्रायव्हर मुळात चालू आहे का बघा, सिक्युअर बूट चालू असेल तर ड्रायव्हर असूनही सही नसल्यामुळे लोड होत नाही असं होतं, आणि लॉगिनच्या वेळी कोपऱ्यातल्या चाकावर क्लिक करून झॉर्ग ह्या जुन्या डिस्प्ले पद्धतीवर एकदा चालवून बघा.

पेनड्राईव्ह एक, ८ जीबीचा, त्यावर २४.०४ टाकून ठेवा. फाईल पाच-सहा जीबीची आहे, मोबाईलच्या रोजच्या दीड जीबीत होणार नाही, कुणाच्या तरी घरच्या वायफायवर करून घ्या. इन्स्टॉल न करता ट्राय म्हणून त्यावरून दोन-तीन तास चालवा, गाणं लावूनच. तिथेही अडकला तर तुमच्या सेटिंग आणि डेस्कटॉपला जोडलेली एक्स्टेन्शन निर्दोष, दोष कर्नल नाहीतर हार्डवेअरचा. तिथे नाही अडकला तर आपल्या लॅपटॉपवर चाचणी नावाचा नवा युजर करून त्यात एक दिवस काढा. २२.०४ मध्ये ग्नोम, म्हणजे उबुंटूचा डेस्कटॉप, ४२ होतं, २४.०४ मध्ये ४६ आहे, आणि मधे ४५ ला एक्स्टेन्शन लिहायची पद्धतच बदलली, त्यामुळे जुनी एक्स्टेन्शन एक तर बंद पडलीत नाहीतर कुठून तरी जुगाड करून बसवलीत, तपासाच्या काळात सगळी बंद ठेवा.

हार्डवेअरचं थोडक्यात. एक रात्र मेमटेस्ट ह्या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमला द्या, चार्जर लावून आणि लाईट जाणार नाही अशी रात्र बघून. सेन्सर्स कमांडने तापमान बघा, पाच वर्षांच्या लॅपटॉपच्या पंख्यात गाद्या भरता येतील एवढी धूळ असते. अपग्रेड झालं आणि त्याच आठवड्यात रॅम खराब झाली असा योगायोगही असतो. आणि दुपारच्या अडखळण्यासाठी फ्री डॅश एच मारून रॅम आणि स्वॅप किती भरलाय ते बघा, माझ्याकडे ८ जीबी रॅम, २ जीबी स्वॅप, तीसेक टॅब आणि ऑफिसचं मीटिंगचं ॲप, त्यात मशीन काय करणार, स्वॅप ८ केला आणि टॅब निम्मे केले. पीएसआरचा प्रयोग तीन रात्री टिकला तेव्हा कुठे तो ग्रबच्या फाईलमध्ये कायमचा लिहिला. अजून २२.०४ वरच आहात आणि काम अडलेलं नाही तर घाई करू नका, त्याला एप्रिल २०२७ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

एवढं करूनही नाही सुटलं आणि कुणाला विचारायचं ठरलं तर लॅपटॉपचं मॉडेल, यूनेमचं उत्तर, ग्राफिक्स कुठलं, जुन्या कर्नलवर काय झालं, पेनड्राईव्हवर काय झालं आणि गाणं चालू राहिलं का थांबलं, हे आधीच लिहून द्या, मदत करणारा पहिल्या तासात नेमकं हेच विचारतो. लॉग मोबाईलने स्क्रीनचा तिरका फोटो काढून पाठवू नका, मजकूर पाठवा, आणि पाठवायच्या आधी त्यातलं आपलं युजरनेम, वायफायचं नाव आणि सिरीयल नंबर काढून टाका.