थोडं नमाजचं, बरंच उसनवारीचं

अस्सलामु अलैकुम. परवा मशिदीच्या जिन्यात एक मुलगी भेटली. इथे परदेशात येऊन तीन आठवडे झालेले. तिने मला जे प्रश्न विचारले तेच १७ वर्षांपूर्वी माझ्या मनात होते. कुणाला विचारायचं हे न कळल्यामुळे मी ते विचारलेच नाहीत आणि चुकत गेले. घरी आले आणि लिहायला बसले. घर कसं शोधावं, बँकेत खातं कसं काढावं हे यात नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमतं. हलालबद्दलही पहिल्याच दिवशी दहा जण सल्ला देतील. माझा एवढाच : वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचा आणि जिलेटिन कशाचं आहे ते विचारा. झालं.

आधी नमाजच्या वेळा. दोन ॲप घेतलीत तर दोन वेगळ्या वेळा दिसतील आणि एक बिघडलंय असं वाटेल. दोन्ही बरोबर असतात. एक फज्रसाठी (पहाटेच्या नमाजसाठी) सूर्य क्षितिजाखाली १८ अंश धरतं, दुसरं १५ अंश. अस्रला, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजला, चार मजहबांपैकी (धर्मशास्त्राच्या परंपरांपैकी) हनफी लोक सावली दुप्पट होण्याची वाट पाहतात, बाकीचे तिघे एकपट सावलीवर वेळ धरतात. शिवाय आपण आलोय उत्तरेकडे. साधारण साडेअठ्ठेचाळीस अक्षांशाच्या वर ऐन उन्हाळ्यात मध्यरात्रीसुद्धा सूर्य १८ अंश खाली जातच नाही, म्हणजे त्या हिशोबाने इशाची (रात्रीच्या नमाजची) वेळ येतच नाही. त्यावर उलेमांनी तोडगे काढलेत : रात्रीचे दोन भाग करा, सात भाग करा, नाहीतर जिथे वेळ नीट लागते अशा जवळच्या गावाची वेळ घ्या. तुम्ही यात डोकं घालू नका. घराजवळच्या मशिदीचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवा आणि वर्षभर तेच पाळा. सहरी (रोज्याआधीचं पहाटेचं खाणं) एका वेळापत्रकाने आणि इफ्तार दुसऱ्याने, ही हुशारी फक्त करू नका. आपल्या लोकांना या विषयावर भांडायला फार आवडतं. चंद्र दिसला की नाही यावरून एकाच इमारतीत दोन वेगळ्या दिवशी ईद झालेली मी पाहिलीय. ज्या दिवशी तुमची मशीद ईद करेल त्या दिवशी करा आणि दुसऱ्या दिवशी करणाऱ्यालाही मुबारक म्हणा.

किब्ल्यासाठी, म्हणजे नमाजला तोंड करायची मक्केतल्या काब्याची दिशा शोधायला, फोनमधलं होकायंत्र लोखंडी टेबलाजवळ आणि लॅपटॉपशेजारी फसवतं. माझी सहा महिन्यांची नमाज कपाटाकडे तोंड करून झाली. सोपा उपाय आहे. दरवर्षी २७-२८ मे रोजी ग्रीनिच वेळेने सकाळी ९.१८ ला आणि १५-१६ जुलै रोजी ९.२७ ला सूर्य बरोबर काब्याच्या माथ्यावर असतो. त्या मिनिटाला तुम्हाला जिथे सूर्य दिसतो तिथेच किब्ला. खिडकीच्या कट्ट्यावर पेन्सिलीने रेघ मारून ठेवा.

आता ऑफिस. पहिल्या वर्षी मी लपून नमाज पढायचे, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधल्या आपत्कालीन जिन्यात. एकदा सजद्यात, जमिनीवर माथा टेकलेला असताना वरून कुणीतरी आलं, किंचाळलं आणि धावत गेलं. मी सलाम फेरून नमाज संपवली तेव्हा समोर प्रथमोपचाराची पेटी घेतलेले दोघे उभे होते. त्यांना वाटलं मी चक्कर येऊन पडलेय. लाजेने मेल्यासारखं झालं. पण साहेबीणबाईंनी विचारलं, "इतके दिवस सांगितलं का नाहीस?" आणि त्याच दुपारी एका रिकाम्या खोलीची किल्ली मिळाली.

म्हणून पहिल्याच आठवड्यात विचारा. धर्मावर व्याख्यान देऊ नका. "दुपारी दहा मिनिटं आणि एक कोपरा लागेल, ती दहा मिनिटं माझ्या सुट्टीतून घेईन," एवढं पुरे. इथल्या लोकांना आडून बोललेलं कळत नाही, पण सरळ विचारलेल्याचं सरळ उत्तर देतात. "नाही" म्हणाले तर त्याचा अर्थही "नाही" एवढाच असतो, तुमचा अपमान नसतो. दुसऱ्या शब्दांत पुन्हा विचारा. आपल्यातले काही जण आधीच ठरवून टाकतात की ही माणसं आपल्या विरोधात आहेत, मग न विचारता नमाज सोडतात आणि खापर त्यांच्यावर फोडतात. हे मला अजिबात पटत नाही.

वुजूचं (नमाजआधी तोंड-हात-पाय धुण्याचं) मात्र विचारून उपयोग नाही, ते आपलं आपणच निभवायचं. बेसिनमध्ये पाय वर टाकून धुताना कुणी आत आलं की दोघांचीही पंचाईत होते, आणि फरशीवर पाणी सांडून आपण निघून गेलो तर मागून येणारा घसरतो. मसहची सवलत याचसाठी आहे. सकाळी घरी पाय धुऊन पूर्ण वुजू करा आणि घोटा झाकणारे चामड्याचे मोजे घाला. पुढच्या वुजूत ओला हात त्यांच्यावरून फिरवला की झालं. हनफी, शाफई आणि हंबली मतानुसार मुक्कामी माणसाला ही मुभा एक दिवस-रात्र, प्रवाशाला तीन. साध्या कापडी मोज्यांबद्दल मतं वेगळी आहेत, आपल्या इमामांना विचारा. कसेही असो, सांडलेलं पाणी पुसून बाहेर पडा. तेवढं पुसलं तरी मागच्यावर उपकार होतात.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. मी आले तेव्हा तो उन्हाळ्याच्या उतरणीला होता, मधली काही वर्षं ऐन जूनमध्ये आला, आता हिवाळ्याच्या शेवटाला पोचलाय. म्हणजे आत्ता "इथले रोजे किती सोपे" म्हणणाऱ्यांनी थोडं थांबावं. मधुमेह असेल, गोळ्या चालू असतील तर रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. आजारी आणि प्रवासी यांना नंतर रोजे भरून काढायची सवलत कुरआनातच आहे (सूरह बकरा, १८५). ती नाकारून आयसीयूत जाण्यात मला काही मोठेपणा दिसत नाही.

जकात, म्हणजे आपल्या संपत्तीतून हकदारांना द्यायचा बंधनकारक हिस्सा. हिशोब चांद्र वर्षाचा आहे, अडीच टक्के. कंपनीच्या आर्थिक वर्षाला जोडून सौर वर्षाने काढत असाल तर वरचे अकरा दिवस धरून साधारण २.५८ टक्के होतात. निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा, ८५ ग्रॅम सोन्याचा किंवा ५९५ ग्रॅम चांदीचा. आज चांदीचा निसाब फार कमी पैशांत भरतो, त्यामुळे नव्या नोकरीवाल्यांनाही तो लागू होऊ शकतो. बहिणींनो, अंगावरच्या दागिन्यांचं विचारून घ्या. हनफी मतात त्यांच्यावर जकात आहे, शाफई मतात वापरातल्या दागिन्यांवर नाही. आमच्या घरात नवरा-बायकोचे मजहब वेगळे, त्यामुळे हा वाद दर शाबानमध्ये, रमजानच्या आधीच्या महिन्यात, होतो. मी देऊन मोकळी होते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

आठ वर्षांपूर्वी माझ्या एका मैत्रिणीच्या नवऱ्याची नोकरी गेली. आपल्याच भाषेची, दर शुक्रवारी भेटणारी, दोन लहान मुलं. मी माझी जवळजवळ सगळी शिल्लक काढली, पाकिटात घातली आणि रमजानच्या एका संध्याकाळी तिच्या हातात ठेवली. ती म्हणाली, "आपा, काही लिहून देऊ का?" मी म्हटलं, "आपापसात काय लिहायचं?" तेव्हा हे बोलताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

दीड वर्षाने मला गरज पडली. तोवर तिच्या नवऱ्याचं बस्तान बसलं होतं. मी फोन करून हळूच विचारलं. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "आपा, ती तर तुमची जकात होती ना?"

ती खोटं बोलत नव्हती. जकात देताना "ही जकात आहे" असं सांगणं बंधनकारक नाही. घेणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून न सांगता देणारे पुष्कळ असतात. रमजानची संध्याकाळ, बंद पाकीट, लिहायला नकार. तिने लावलेला अर्थ मीही लावला असता. तिने तर आईला फोन करून सांगितलं होतं की परदेशात एका बहिणीने आमची लाज राखली. तिच्या डोळ्यांसमोर मी आता दिलेली जकात परत मागणारी बाई होते.

त्यावर मी दुसरी चूक केली. म्हटलं, राहू दे, या वर्षीच्या जकातीत धरते. इमामसाहेबांनी मान हलवली. नीयत देताना करावी लागते. जुनं कर्ज माफ केलं म्हणजे जकात फिटली असं बहुतेक फुकहा (धर्मशास्त्राचे जाणकार) मानत नाहीत. म्हणजे ते पैसे गेले आणि जकात पुन्हा वेगळी भरावी लागली. मैत्रीण वर्षभरात दुसऱ्या शहरात गेली. ईदला तिचा मेसेज येतो, माझाही जातो, दोन ओळींचा.

कुरआनातली सगळ्यांत लांब आयत नमाजवर नाही, रोज्यावर नाही, हजवरही नाही. ती आहे उधारी लिहून ठेवण्यावर, सूरह बकरा, २८२. मुदत ठरवा, लिहा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका. लहानपणापासून किती वेळा तिलावत केली असेल! वाचली आणि पान उलटलं.

तर लिहा. कागदाचा कपटा चालेल. कुणी, कुणाला, किती, कधीपर्यंत. आणि वर तीन शब्द लिहा : कर्ज, जकात, सदका (म्हणजे ऐच्छिक दान). त्यातल्या एकावर गोल करा. दोघांनी फोनवर फोटो काढून ठेवा. समोरच्याला अवघडल्यासारखं वाटेल म्हणून तुम्ही लिहिणार नाही, मला माहीत आहे. दोन मिनिटं अवघडू द्या. सख्ख्या भावाला देताना लिहा. मशिदीतल्या हाजीसाहेबांना देताना लिहा. "आपण मुसलमान, आपल्यात विश्वास हवा," असं कुणी म्हणालं तर म्हणा, विश्वास आहे म्हणूनच ही आयत पाळतेय. त्याच आयतीच्या दोन आयती आधी, २८० मध्ये, कर्जदार अडचणीत असेल तर मुदत वाढवा आणि सोडून दिलंत तर जास्त चांगलं, असंही आहे. पण काय सोडलं हे कळायला आधी काय दिलं हे लिहिलेलं लागतं.

घरभाड्याला जामीन राहताना हेच दुप्पट. आणि दुसऱ्याचं पार्सल विमानातून नेणं ही मदत नव्हे. स्वतः उघडून पाहिल्याशिवाय सुईसुद्धा नेऊ नका.

शेजाऱ्यांबद्दल. सूरह माऊन आपल्याला तोंडपाठ असते, सात छोट्या आयती. तिच्यात नमाज पढणाऱ्यांनाच ताकीद आहे, दिखावा करणाऱ्यांना आणि माऊन नाकारणाऱ्यांना. माऊन म्हणजे काय, तर जुन्या तफसीरकारांनी (कुरआनाच्या भाष्यकारांनी) सांगितलं : भांडं, बादली, कुऱ्हाड. शेजाऱ्याने मागावी अशी घरातली वस्तू. इथे कुऱ्हाड कुणी मागत नाही, शिडी मागतात, ड्रिल मागतात, सुट्टीवर जाताना कुंड्यांना पाणी घालाल का विचारतात. हो म्हणा. आपले लोक तक्रार करतात की इथे कुणी कुणाच्या घरी येत नाही. पण तुम्ही किती दारं वाजवलीत? मी पहिली तीन वर्षं एकही नाही. मग खालच्या मजल्यावरच्या आजींच्या दाराबाहेर चार दिवसांची वर्तमानपत्रं साठलेली पाहून बेल वाजवली. त्या घसरून पडल्या होत्या, पाय सुजला होता, आणि कुणाला त्रास नको म्हणून गप्प बसल्या होत्या. त्यानंतर त्यांची औषधं मी आणते आणि माझी सरकारी पत्रं त्या समजावून सांगतात.

पैगंबरांचे सोबती हजरत अब्दुल्लाह बिन अम्र यांच्या घरी बकरी कापली तेव्हा त्यांनी आधी विचारलं होतं, आपल्या यहुदी शेजाऱ्याला पाठवलं का? जकात घेण्याचे हकदार ठरलेले आहेत (सूरह तौबा, ६०), पण सदका आणि शेजारधर्म यांना तशी हद्द नाही. मदत करताना फोटो मात्र काढू नका. डबा देणाऱ्या हाताचा फोटो काढतात तेव्हा घेणाराही त्यात दिसतो. उपकार बोलून दाखवला की सदका वाया जातो असं सूरह बकराच्या २६४ व्या आयतीत आहे, आणि ग्रुपवर टाकणं म्हणजे दोनशे जणांना बोलून दाखवणंच.

नव्याने इस्लाम स्वीकारलेल्यांना तर आपण पहिल्या दिवशी मिठी मारतो आणि ईदला विसरतो. त्यांचं घर त्या दिवशी रिकामं असतं. निदान एकाला तरी बोलवा, आणि त्याच्यासमोर तासभर आपल्याच भाषेत बोलू नका.

शेवटी मय्यतीचं. मृत्युपत्र लिहून ठेवा. देण्यासारखं काही ज्याच्याकडे आहे त्याने वसीयत लिहिल्याशिवाय दोन रात्रीही काढू नयेत अशी हदीस (पैगंबरांचं वचन) आहे. इथला कायदा वाटणी त्याच्या पद्धतीने करतो, आणि दफनच करायचं हे कुठेही लिहिलेलं नसेल तर घरच्यांना नको त्या वेळी वाद घालावा लागतो. पुन्हा तेच, लिहा.

चार वर्षांपूर्वी इथे एक बाई वारल्या, एकट्या राहायच्या. फोन आला की बायकांपैकी गुस्ल (दफनाआधीची अंघोळ) देता येणारं कुणी नाही. जनाजा फर्ज-ए-किफाया आहे. काहींनी केला तर सगळे सुटतात, कुणीच नाही केला तर सगळे गुन्हेगार. त्या दिवशी दोन तासांवरच्या गावाहून एक खाला आल्या. मी नुसती पाणी द्यायला उभी होते. उजवीकडून सुरुवात, तीन वेळा किंवा पाच वेळा, शेवटच्या पाण्यात कापूर, पूर्ण वेळ अंगावर चादर. त्यानंतर मी शिकून घेतलं. तुमच्या मशिदीत अशा बायकांची यादी असेल तर नाव द्या. नसेल तर यादी सुरू करा आणि पहिलं नाव स्वतःचं घाला. पहिल्या वेळी हात थरथरतात. तेव्हा पाणी द्यायला मी येईन.