सोसायटीच्या पाण्याचा हिशेब: क्लिक केल्यावर उत्तर देणारा तक्ता आणि आलेख कसा करावा

घोडबंदर रोडवर उन्हाळ्यातल्या सोसायटी मीटिंगचा बराच वेळ टँकरवर जातो. कमिटी छापील तक्ता वाटते, कोणीतरी विचारतं, "एप्रिलमध्ये बी विंगचं पाणी एवढं कसं?" आणि विषय तिथेच अडतो. तो मोठा आकडा खऱ्या वापराचा की बिघडलेल्या मीटरचा, हे कागदावरून कळत नाही. ज्या सोसायटीत फ्लॅटवार मीटर आहेत, तिथे हे उत्तर सगळ्यांसमोर जागच्या जागी देता येतं. त्यासाठी तक्ता आणि आलेख एकाच माहितीवर उभे हवेत आणि एकमेकांना जोडलेले हवेत.

मी यासाठी ऑरेंज हे सॉफ्टवेअर सुचवेन. स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना विद्यापीठात तयार झालेलं हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्यात कोड लिहावा लागत नाही. एकेक काम करणारे विजेट नावाचे गोल कॅनव्हासवर, म्हणजे पडद्यावरच्या रिकाम्या जागेवर, ठेवायचे आणि रेघेने जोडायचे, एवढंच काम.

आधी एक्सेल नीट करा. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. एका ओळीत एका फ्लॅटचं एका महिन्याचं एकच रीडिंग. जोडलेले सेल नकोत, मध्येच एकूण बेरजेच्या ओळी नकोत. विंगचं नाव सगळीकडे एकसारखं लिहा. "बी" आणि "बी विंग" या सॉफ्टवेअरला दोन वेगळ्या विंग वाटतात. महिने "०१ एप्रिल", "०२ मे" असे आकडा पुढे लावून लिहा, नाहीतर ते अक्षरांच्या क्रमाने लागतात. शून्य आणि रिकामा सेल यांत गल्लत तर अजिबात करू नका. कुटुंब गावी गेलं म्हणून वापर शून्य, ही माहिती आहे. मीटर बंद म्हणून रीडिंगच नाही, तिथे सेल रिकामाच ठेवा. रिकाम्या जागी शून्य टाकलं की विंगची सरासरी उगाच खाली येते आणि भांडण चुकीच्या आकड्यावर होतं.

आणखी दोन रकाने घाला: कुटुंबातली माणसं आणि माणशी रोजचे लिटर. केंद्राने शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटरचा निकष सांगितला आहे. म्हणजे चार जणांच्या घराला रोज ५४० आणि ३० दिवसांत १६,२०० लिटर. माणशी लिटरचा रकाना नसेल तर सहा जणांचं घर कायमच उधळं दिसेल.

फ्लॅट नंबरऐवजी कोड वापरा आणि त्याची यादी सेक्रेटरींकडेच राहू द्या. कोणाच्या घरात किती पाणी लागतं हे पडद्यावर झळकवणं मला योग्य वाटत नाही.

आता ऑरेंज उघडा. फाइल विजेट कॅनव्हासवर आणा, त्यावर डबल क्लिक करून एक्सेल निवडा. खाली रकान्यांची यादी दिसेल. विंग आणि महिना कॅटेगोरिकल (गट), लिटर आणि माणसं न्यूमेरिक (आकडे), फ्लॅटचा कोड टेक्स्ट (मजकूर) असल्याची खात्री करा आणि अप्लाय दाबा.

फाइलमधून रेघ ओढून पिव्होट टेबल, म्हणजे गटवार गोषवाऱ्याचा तक्ता, जोडा. ओळींत विंग, रकान्यांत महिना, व्हॅल्यूज म्हणून माणशी लिटर. मीन (सरासरी) आणि मीडियन (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) दोन्हींवर खूण करा. दोन्हींत मोठा फरक दिसला तर दोन-चार घरांनी सरासरी ओढली आहे, असं समजून ती तपासा. काउंट डिफाइंडवरही खूण करा. किती फ्लॅटची रीडिंग खरोखर हातात आहेत ते त्यातून कळतं.

मग फाइललाच स्कॅटर प्लॉट, म्हणजे ठिपक्यांचा आलेख, जोडा; त्यात प्रत्येक ओळीचा एक ठिपका असतो. आडव्या अक्षावर कुटुंबातली माणसं, उभ्यावर माणशी लिटर, रंग विंगनुसार. स्कॅटर प्लॉटमधून आणखी एक रेघ काढून त्याला डेटा टेबल जोडा. खरी मजा या जोडणीत आहे! माऊसने उंच ठिपक्यांभोवती चौकोन ओढा. फक्त त्याच ओळी टेबलमध्ये येतात. महिना, कोड, रीडिंग सगळं समोर. प्रश्न विचारणाऱ्यालाच माऊस देऊन ठिपके निवडायला सांगा, शंका लवकर मिटते.

विंगांची तुलना हवी असेल तर बॉक्स प्लॉट पुरतो; प्रत्येक विंगचे आकडे कुठून कुठपर्यंत पसरले आहेत ते तो चौकटीने दाखवतो.

सभासदांना पाठवायची प्रत करताना प्रत्येक विजेटच्या तळाशी असलेलं रिपोर्टचं चिन्ह दाबा. तक्ते आणि आलेख एका खिडकीत जमतात, तिथून पीडीएफ किंवा एचटीएमएल सेव्ह करा. या प्रतीत मात्र आलेख स्थिर चित्रासारखा असतो, त्यामुळे मीटिंगसाठी ऑरेंजची मूळ फाइलही सेव्ह करून लॅपटॉप सोबत न्या.

पुढच्या महिन्यात त्याच एक्सेलमध्ये खाली नव्या ओळी भरा आणि फाइल विजेटमध्ये रीलोड दाबा. जोडलेले सगळे तक्ते आणि आलेख नव्या आकड्यांनी भरतात.